आत गाभा, वर सूत : दोरावरच्या क्रोशाकामाचा धडा

मंडळीतील एका भगिनीने आमच्या विक्रीतून घेतलेली क्रोशाची टोपली दोन महिन्यांनी परत आणून दाखवली. तक्रार करण्याचा त्यांचा स्वभाव नाही. "ताई, कांदे ठेवले की ही अशी बसते, एवढंच दाखवायचं होतं," असे म्हणून त्यांनी ती टेबलावर ठेवली. टोपली पायातून काढलेल्या मोज्यासारखी खाली बसली. विकताना ती छान कडक उभी होती, कारण आम्ही तिला तांदळाच्या पेजेची खळ दिली होती. श्रावणातल्या ओलाव्याने खळ विरघळली आणि उरले नुसते मऊ जाळे.

ती टोपली आम्ही परत घेतली आणि पैसे देऊ केले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. "दान समजा," म्हणाल्या. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण तो शब्द माझ्या मनात राहिला. सापगावच्या वर्गातल्या बाईने चार दिवस बसून केलेली वस्तू कामाला आली नाही, म्हणून ती दान ठरली. वस्तू टिकली असती तर तिला कोणी दान म्हटले नसते.

या अंकातला धडा त्यानंतर आम्ही जे शिकलो त्याचा आहे. आपल्या मंडळ्यांतील महिला मंडळांना तो घरी करून पाहता येईल, आणि जे पाड्यांवर शिकवायला जातात त्यांना वर्गात वापरता येईल. क्रोशाची सुई हातात धरता येणाऱ्या कोणालाही यात अवघड काही नाही.

सापगाव शहापूरजवळ, किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भातसा नदीकाठी आहे. आसपासच्या वाड्यापाड्यांवरून कातकरी, ठाकूर आणि वारली घरांतल्या बाया वर्गाला येतात. पहिल्या वर्षी आम्ही त्यांना तेच शिकवले जे आम्हाला येत होते, म्हणजे टेबलावरचे गोल रुमाल, तोरण, मोबाइलची पिशवी. आपल्याकडे क्रोशा म्हटले की रुखवत आठवते. काचेच्या कपाटात ठेवायचे, टीव्हीवर पसरायचे, पाहुण्यांना दाखवायचे. ज्यांच्या घरात ना टेबल ना कपाट, त्या बाया ते विणत आणि मग विचारत, "ताई, याचं करायचं काय?" मला उत्तर सुचत नसे.

उत्तर निघाले एका मावशींकडून. त्या बांबूच्या कांबी काढून टोपल्या विणतात. टोपलीचा काठ बांधताना आत एक जाड कांब ठेवतात आणि पातळ कांबीने तिच्यावर वेढे घेत जातात. आम्ही मऊ टोपल्यांची रड सांगत होतो तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "आत काही घातलंच नाही, तर उभी कशाला राहील?"

क्रोशाच्या जगातही ही गोष्ट जुनीच आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा कॉर्कजवळच्या मठातील भगिनींनी गरीब मुलींना क्रोशाची लेस शिकवली. क्लोन्स गावात १८४७ च्या सुमारास तिथल्या पाळकांच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी हेच काम सुरू केले. त्या आयरिश लेसमधली फुले-पाने उठून दिसतात, कारण ती जाड दोरावर टाके घालून विणलेली असतात. तिथे दोर शोभेसाठी होता. आम्ही तोच दोर बोटाएवढा जाड केला आणि फुलांच्या जागी टोपली विणली, इतकाच फरक.

वर्गात पहिल्याच दिवशी दोर आणि दोरा या दोन शब्दांचा घोळ होऊ लागला. "दोर ओढा" म्हटले की अर्ध्या जणी दोरा ओढत. म्हणून आत राहतो तो गाभा आणि ज्याने विणतो ते सूत, असे आम्ही ठरवून टाकले. पुढे तेच शब्द वापरते.

गाभ्यासाठी काय घ्यावे? सुतळी सगळीकडे मिळते आणि स्वस्त असते, पण तिला एक तेलकट वास असतो. ताग कातताना त्याला तेल लावतात, त्याचा तो वास. भाकरीची टोपली सुतळीची कधीच करू नये. काथ्याचा दोर ओलाव्याला दाद देत नाही, कणखर असतो, पण बोटे सोलवटून काढतो आणि सुतातून त्याचे केस बाहेर येतात. पायपुसण्याला तो उत्तम, बाळाच्या कपड्यांच्या टोपलीला नाही. कपडे वाळत घालायचा सुती दोर हाताला सर्वांत सुखाचा, मात्र तो पाणी पितो आणि वाळायला वेळ घेतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, तिथे सुती गाभ्याची टोपली ट्रंकेत बंद ठेवली तर बुरशी धरणारच. आम्ही तशी एक अख्खी ट्रंक घालवली आहे. प्लास्टिकचा दोर बुरशी धरत नाही, पण टाके त्यावरून घसरतात आणि नवशिक्या बाईला चीड येते. शेवटी आम्ही स्वयंपाकघरातल्या वस्तूंना सुती आणि न्हाणीघरातल्या वस्तूंना प्लास्टिकचा गाभा ठेवला. बांधावरच्या घायपाताचा वाख किंवा अंबाडीची दोरी कोणाच्या घरी वळली जात असेल तर ती जरूर वापरावी. दुकानातला दोर तिच्यापुढे काही नाही. पण गाभा म्हणून वापरायची दोरी सर्वत्र सारख्या जाडीची लागते, नाहीतर भिंत वाकडी उभी राहते.

वरचे सूत सुतीच बरे. बायांना लोकरीचे भडक रंग आवडतात, मलाही आवडतात. आत गाभा असल्याने लोकर ताणली जात नाही, त्यामुळे ती चालते, पण काही महिन्यांत तिच्यावर गोळे येतात. सुई साडेतीन ते चार मिलिमीटरची घ्यावी. गाभा जाड म्हणून सुईही जाड घ्यायची हा नवशिक्यांचा हमखास होणारा समज आहे. सुईची जाडी सुताच्या मानाने ठरते. जाड सुईने टाके सैल पडतात आणि गाभा मधून मधून दात दाखवतो.

पहिला धडा आम्ही टोपलीचा देत नाही, चुंबळीचा देतो. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, मोडकसागर अशी धरणे आहेत आणि त्यांचे पाणी मुंबईला जाते. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते किंवा लांबच्या विहिरीवर जावे लागते. डोक्यावर हंडा आणि हंड्याखाली फडक्याची गुंडाळी, ही रोजची गोष्ट. गुंडाळी सुटते, सरकते, हंडा कलंडतो. म्हणून पहिली वस्तू अशी, जी वर्ग सुटल्यावर त्याच संध्याकाळी डोक्यावर ठेवता येईल.

जुन्या साडीच्या तीन पट्ट्या घेऊन त्यांची अंगठ्याएवढी जाड वेणी घालावी. ही वेणी म्हणजे गाभा, आणि तो फुकट आहे. वेणी स्वतःभोवती दोन वेढे गुंडाळून कडे करावे. आतले भोक चार बोटांचे, बाहेरचे माप वीतभराहून थोडे कमी. टोके सुईदोऱ्याने शिवून टाकावीत. आता कड्यावर मुके खांब घालायचे. डाव्या हाताच्या तर्जनीवर सूत, अंगठा आणि मधल्या बोटात कडे. सुईवर एक फास असतोच. सुई कड्याच्या भोकातून खाली न्यावी, सूत पकडून वर आणावे. सुईवर दोन फास झाले. आता कड्याच्या वरच्या बाजूने सूत पकडून दोन्ही फासांतून एकदम ओढून घ्यावे. गाभ्याला सुताची मिठी बसली. असेच शेजारी शेजारी, दाट, पूर्ण कडे भरेपर्यंत. इथे टाके वाढवणे नाही, मोजणे नाही. हात बसतो आणि वस्तूही होते. ज्या आजींना डोळ्यांनी नीट दिसत नाही त्याही चुंबळ विणतात, कारण गाभा बोटांना वाट दाखवतो.

यावरून आठवण झाली. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुली-बायकांना विणकाम, शिवणकाम, छापखान्यातले काम शिकवले जाई. तिथल्या अंध बहिणींना रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकवली, आणि त्या बहिणी वेताचे कामही करीत. हाताला काम शिकवताना आधी कोणाला काय जमते ते पाहायचे, हा धडा शंभर वर्षांहून जुना आहे. आम्ही मात्र तो टोपली खाली बसल्यावर शिकलो.

आता टोपली. मध्यम आकाराची, तळ वीस सेंटीमीटर आणि उंची बारा सेंटीमीटर, अशी धरू. गाभा सहा मिलिमीटर जाड. त्यावर सूत चढले की एक ओळ साधारण आठ मिलिमीटर उंच होते.

गाभ्याचे टोक तिरके कापावे, म्हणजे मध्यभागी गाठ येत नाही. टोकापासून सुरुवात करून नुसत्या गाभ्यावर आठ मुके खांब घालावेत, मग तो भाग वाटोळा वळवून पहिल्या टाक्यात सुई घालून जोडावा. मधले भोक शक्य तितके लहान ठेवावे. इथून पुढे गाभा आधीच्या ओळीच्या डोक्यावर झोपतो. सुई खालच्या ओळीतल्या टाक्याच्या दोन्ही धाग्यांखालून घालायची, गाभ्याच्या खालून सूत ओढून घ्यायचे, आणि गाभ्याच्या वरून टाका पुरा करायचा. चुंबळीतलीच कृती, फक्त आता सुई खालच्या टाक्यात अडकते.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन खांब, म्हणजे सोळा. तिसऱ्या फेरीत एक सोडून एकात दोन, म्हणजे चोवीस. दर फेरीला आठ वाढत जायचे. बाराव्या फेरीला शहाण्णव टाके होतात आणि तळाचे माप भरते. ज्यांना साधे क्रोशाकाम येते त्या विचारतात, सहा का नाही? साध्या मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळपास सारखी असते. दर फेरीला वर्तुळाचा घेर ओळीच्या उंचीच्या सहा पटींहून थोडा अधिक वाढतो, म्हणून तिथे सहा टाके पुरतात. इथे गाभ्यामुळे ओळ उंच झाली आहे, टाक्याची रुंदी मात्र साडेसहा मिलिमीटरच्या आसपासच आहे. घेर जास्त वाढणार, तर टाकेही जास्त लागणार. गाभा याहून जाड घेतला तर नऊ-दहाही लागतील. पाठ करण्यापेक्षा तळ जमिनीवर ठेवून पाहावा. कडा वाटीसारख्या वर उचलल्या तर टाके कमी पडले, झालरीसारख्या हलल्या तर जास्त झाले. वाढीचे टाके दर फेरीला त्याच जागी एकाखाली एक येऊ देऊ नयेत, नाहीतर गोल तळाला आठ कोपरे फुटतात. फेरी कुठे सुरू झाली ते कळण्यासाठी तिथे एक सेफ्टी पिन अडकवावी. आमच्याकडे एक जण त्यासाठी केसांतली क्लिप लावते आणि घरी जाताना विसरते.

तळ झाला की वाढवणे बंद. शहाण्णव टाक्यांवर शहाण्णवच, अशा पंधरा फेऱ्या. भिंत आपोआप उभी राहू लागते. या टप्प्यावर सगळी कला गाभा ओढण्यात आहे. दर आठ-दहा टाक्यांनंतर गाभा हलकेच ओढून सरळ करावा. जोरात ओढला तर टोपलीचे तोंड आवळते, सैल सोडला तर पसरते. हे मुद्दाम केले तर मडक्यासारखा आकारही काढता येतो, पण आधी सरळ भिंत जमू द्यावी.

कान करायचे असतील तर शेवटून तिसऱ्या फेरीत आठ टाके सोडून द्यावेत, गाभा तेवढ्या जागेवर थोडा कमानीसारखा वर उचलावा आणि मोकळ्या गाभ्यावरच बारा मुके खांब घालून पुढे जावे. समोरासमोर दोन कान. पुढच्या फेरीत त्या बारा टाक्यांवरून नेहमीसारखे विणावे. साध्या क्रोशाच्या पिशवीचा कान वजनाने लांबत जातो. इथे कानाचा गाभा तोच आहे जो सगळ्या टोपलीतून फिरून आला आहे, म्हणून तो लांबत नाही. शेवटी गाभा पुन्हा तिरका कापावा, टोक खालच्या ओळीत मिसळेल असे तीन-चार टाके त्यावर घालावेत आणि सूत आतून शिवून घ्यावे. मध्येच गाभा संपला तर दोन्ही टोके तिरकी कापून चार-पाच सेंटीमीटर एकमेकांवर ठेवावीत, सुताने गुंडाळावीत आणि पुढे चालावे. गाठ कधीही मारू नये. हात फिरवला की ती बोचते.

गाभा किती लागला? तळाला सुमारे चार मीटर, भिंतीला सव्वानऊ-साडेनऊ मीटर, कानांसाठी आणि हातात धरायला थोडा जास्त. साडेचौदा मीटर घेतला की पुरतो. सुताचा अंदाज असा: दहा टाके घालून उसवावेत आणि लांबी मोजावी. एका टाक्याला सात सेंटीमीटर लागत असतील तर सगळ्या टोपलीला दीडशे मीटरच्या थोडे आत सूत जाते.

आणि टाके किती? तळात सहाशे चोवीस, भिंतीत चौदाशे चाळीस. एकूण दोन हजार चौसष्ट.

हा आकडा मी वर्गातल्या फळ्यावर लिहिला तेव्हा बाया हसल्या. एवढे आपण करतो हे त्यांनाही माहीत नव्हते. खरे तर मलाही नव्हते. पहिली दोन वर्षे आम्ही "एका टोपलीचे इतके" असा दर ठरवून मोकळे झालो होतो. तो दर कुठून आला? बाजारातल्या प्लास्टिकच्या टोपलीकडे पाहून. टोपलीला किती वेळ लागतो हे आम्ही कधी विचारलेच नाही.

आंध्र प्रदेशातल्या नरसापूरची लेस प्रसिद्ध आहे. गोदावरीच्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे तिचा मोठा व्यापार झाला, ती परदेशात जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथे राहून जे पाहिले ते १९८२ मध्ये पुस्तकरूपाने आले. लेस विणणाऱ्या बायका दिवसाचे सहा ते आठ तास विणत, शिवाय घरकाम वेगळेच. तरी त्यांना कामगार कोणी म्हणत नसे; त्या गृहिणी, फावल्या वेळात विणतात, असेच धरले जाई. त्यांच्या हाती पडणारे पैसे शेतमजुरीपेक्षाही कमी होते. ज्यांनी हे काम आणले त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण काम एकदा "फावल्या वेळातले" ठरले की त्याची मजुरी मोजायला कोणी बसत नाही. हे वाचताना मला आमच्या वर्गाची हजेरीवही आठवली. तिच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिले आहे, "महिलांच्या फावल्या वेळेचा सदुपयोग."

आमच्या ठाणे जिल्ह्याला तर फुकट मजुरीचा इतिहासच आहे. टिटवाळ्याला जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद झाली आणि त्यानंतर वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकरांचा मार्ग आणि आपला मार्ग एक नव्हता, पण ज्या घरांतल्या आजोबांनी जमीनदाराकडे वेठ केली त्याच घरांतल्या नाती आज आपल्या वर्गात बसतात. त्यांच्याकडून आपण कमी पैशात काम घेतले आणि त्याला सेवा म्हटले, तर त्यांना फरक कळणार नाही असे समजू नये.

म्हणून हिशेब मांडला. नवी बाई मिनिटाला सहा टाके घालते, तिला टोपलीला पावणेसहा तास लागतात. हात बसलेली बाई मिनिटाला बारा घालते, तिला तीन तासांच्या थोडे आत. आम्ही मधले चार तास धरले. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर चार तासांचे दीडशे रुपयांच्या जवळपास होतात. दीडशे हा आमचा मजुरीचा दर झाला. दोर, सूत, शहापूरहून आसनगाव स्टेशन आणि पुढचा प्रवासखर्च यांची त्यात भर पडते. नव्या बाईला जे जास्त तास लागतात ते तिच्या शिकण्याचे आहेत, त्यांचा भार टोपलीच्या किमतीवर टाकायचा नाही. तो प्रशिक्षणाच्या खर्चातून भागवतो. आपण देणगी पाठवता तिचा एक भाग तिथे जातो.

हे वाचून काही जणांना टोपली महाग वाटेल. विक्रीच्या दिवशी "अहो, मिशनचंच काम ना, जरा कमी करा" असे म्हणणारेही आपल्यातलेच असतात. मी स्वतः भाजीवाल्याशी घासाघीस करते, तेव्हा कोणाला बोल लावत नाही. पण हे दीडशे रुपये कमी होण्यासारखे नाहीत, आणि ते वाढवून देण्याचीही गरज नाही. कोणी पाचशेची नोट देऊन "बाकीचे राहू द्या" म्हटले की आम्ही बाकीच्या रकमेची देणगी म्हणून वेगळी पावती फाडतो. टोपलीची किंमत टोपलीचीच राहावी. ज्यांना टोपलीची गरज नाही त्यांनी ती घेऊ नये, हेही नम्रपणे सांगते.

किमतीपेक्षा अवघड गोष्ट पैसे कधी द्यायचे ही आहे, आणि इथे आमची चूक झाली ती सांगितली पाहिजे.

कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि मे-जूनमध्ये परततात. भट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम पावसाळ्याच्या शेवटी उचल देतो. घरात धान्य संपलेले असते, सण तोंडावर असतो, उचल घेतली जाते आणि मग सबंध हंगाम ती फेडण्यात जातो. मुले बरोबर जातात, शाळा सुटते. क्रोशाने हे थांबेल असा माझा दावा नाही. महिन्याला आठ-दहा टोपल्यांनी कुटुंब चालत नाही. पण पावसाळ्याच्या शेवटी हातात हजार-दीड हजार रुपये असणे आणि नसणे, यात उचल किती घ्यायची किंवा घ्यायचीच का, हे ठरू शकते.

त्या वर्षी आम्ही मुंबईतल्या एका दुकानात टोपल्या ठेवल्या होत्या, विकल्या गेल्यावर पैसे मिळतील या बोलीवर. टोपल्या ऑगस्टमध्ये गेल्या. सप्टेंबरमध्ये बऱ्याच विकल्या गेल्याचे कळले. पैसे आले डिसेंबरमध्ये. आम्ही बायांना सांगत होतो, "आले की देऊ." वर्गातली एक जण, हात अगदी सुरेख, नऊ टोपल्या तिच्या होत्या. तिने ऑक्टोबरमध्ये दोनदा येऊन विचारले. दुसऱ्यांदा आली तेव्हा काही न बोलता थोडा वेळ बसली, पाणी प्यायली आणि गेली. दिवाळीआधी तिच्या घरी उचल आली. आम्ही तिचे पैसे घेऊन वाडीवर गेलो तेव्हा घराला काटेरी झाप लावलेली होती. दोष दुकानाला देणे सोपे आहे. पण दुकानाने आम्हाला उशिरा दिले आणि आम्ही तो उशीर तिच्या गळ्यात घातला. आमच्या बँकेच्या खात्यात तेव्हा तिचे पैसे देण्यापुरती रक्कम होती. ती "दुसऱ्या कामासाठी" ठेवलेली होती.

आता टोपली तपासून घेतली की त्याच दिवशी पैसे द्यायचे, विकली जावो अगर न जावो, असा नियम केला आहे. तपासणीही बायाच करतात. टोपलीत पाच किलो तांदूळ भरून दोन्ही कानांनी उचलायची, पन्नास मोजेपर्यंत धरायची. तळ लोंबला किंवा कान सुटला तर परत. नियम पाळायचा तर हातात आगाऊ रक्कम लागते, आणि इथे महिला मंडळांनी खरी मदत केली. नाताळसाठी लागणाऱ्या वस्तूंची मागणी त्यांनी जुलैमध्येच कळवली आणि अर्धी रक्कम तेव्हाच भरली. ज्या मंडळ्यांना पुढच्या वर्षी असे करता येईल त्यांनी ईस्टरच्या आठवड्यानंतर कधीही कळवावे. माप, गाभा सुती की प्लास्टिकचा, आणि रंग, एवढे लिहिले की पुरे. रंगांबाबत फार आग्रह धरू नये. शहापूरच्या दुकानात जे सूत येते तेच येते.

धुण्याबद्दल विचारणा होते म्हणून सांगते. सुती गाभ्याची टोपली साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून हाताने चेपावी, पिळू नये. आत एखादे पातेले उपडे घालून उन्हात ठेवावी, म्हणजे आकार राहतो. पावसाळ्यात धुऊच नये, झटकून ओल्या फडक्याने पुसावी. खळ देण्याची गरज नाही.

ती भगिनी जूनमध्ये भट्टीवरून परतली. जाताना तिने एक अर्धवट टोपली, सूत आणि सुई गाठोड्यात बांधून नेली होती, हे आम्हाला ठाऊक नव्हते. भट्टीवर रात्री झोपडीत ती विणत असे. तळ आणि भिंतीच्या सहा फेऱ्या विटेच्या धुळीने तांबूस झाल्या होत्या, धुऊनही तो रंग गेला नव्हता. "उसवू का?" तिने विचारले. आम्ही नको म्हटले. तिने वर्गात बसून पांढऱ्या सुताने उरलेल्या नऊ फेऱ्या घातल्या. कान सरळ आले. तांदूळ भरून तिनेच ती उचलली, बाकीच्यांनी पन्नास मोजले, आणि हजेरीवहीत सही घेऊन तिचे दीडशे रुपये तिला तिथेच दिले. ती टोपली विकायला ठेवली नाही. आमच्या कार्यालयात आहे, पावतीपुस्तके तिच्यात राहतात.